सोडा-व्हिनेगरची गाडी: फुगा लावूनही वजन कमी का भरतं? आणि गाडी नक्की कशाला ढकलते?

हळदगाव
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत, सेमीला, स्टेट बोर्ड. येत्या शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिनं ती बाटलीची गाडी घेतलीय. कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची बाटली आडवी, खाली कबाबच्या काड्यांचे आस, त्यांना बाटल्यांच्या झाकणांची चाकं, आत व्हिनेगर, टिश्यूपेपरच्या पुडीत खाण्याचा सोडा, पुडी आत ढकलायची, बूच मारायचं आणि सगळ्यांनी गॅलरीत पळायचं. गाडी मस्त पळते, त्याबद्दल तक्रार नाही. अडलंय ते वहीत "कारण लिहा" तिथे, कारण मॅडमनी बजावून सांगितलंय की गाइडमधलं उतरवून आणलंत तर मार्क नाहीत, आपल्या शब्दांत लिहा. आणि आपल्या शब्दांत लिहायला बसलो तर घरात तीन पार्ट्या पडल्या.

पहिलं म्हणजे वजन. पुस्तकात आहे की रासायनिक अभिक्रियेत एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, अक्षय्यता वगैरे. आम्ही किचनच्या डिजिटल काट्यावर ग्लासात १०० मिली व्हिनेगर आणि बाजूला एक सपाट चमचा सोडा ठेवून आकडा घेतला, मग सोडा ओतला, फसफस थांबल्यावर परत बघितलं तर २-३ ग्रॅम कमी. ठीक, गॅस उडून गेला, हे तिलाही पटलं. म्हणून मग बाटलीच्या तोंडाला फुगा लावून केलं. फुग्यात सोडा, फुगा उभा केला की सोडा खाली, फुगा टम्म. गॅस कुठेच गेला नाही, जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा नाही. तरीही काटा २ ग्रॅम कमीच दाखवतोय! परत केलं, परत तेच. आता मुलगी म्हणते पुस्तक खोटं आहे.

दुसरं, गाडी पुढे का जाते. आमच्या ह्यांचं म्हणणं गॅस मागे जोरात बाहेर पडतो, मागच्या हवेवर आपटतो आणि हवा गाडीला पुढे रेटते. दीर म्हणतात मग वर अंतराळात हवा नाही तिथे रॉकेट कशावर आपटतं. गाइडात एक ओळ आहे "न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गाडी पुढे जाते", संपलं. आणि पोरीचा प्रश्न असा की दोन्हीकडची बलं सारखी आणि उलट दिशेला असतील तर बेरीज शून्य, मग जगात कुठलीच गोष्ट हलतेच कशी? यावर मी चहा टाकायला उठले.

तिसरं छोटंसं, अभिक्रिया झाल्यावर बाटली गार लागते. रासायनिक अभिक्रिया म्हणजे उष्णता बाहेर पडणार असंच डोक्यात बसलंय, मग हे काय? कुणी नीट समजावून सांगाल का, आठवीच्या पोरीला सांगता येईल असं.

पोह्यावर_शेव
ताई फुगा लीक आहे. रबराला अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) निघून जातो, वाढदिवसाचे फुगे दुसऱ्या दिवशी मरतात ते त्यामुळेच. पुस्तक खरं आहे, काळजी नको.

खडूफळा
शेव, रबरातून सीओटू जातो हे खरं, हवेपेक्षा लवकर जातो हेही खरं, पण अरे तो रात्रभरात जातो. पाच मिनिटांत २ ग्रॅम, म्हणजे लिटरभर गॅस जायला फुगा फाटायला हवा.

ताई, आधी तुमच्या लेकीचं कौतुक, कारण तिनं काट्यावरचा आकडा पुस्तकापुढे झाकून ठेवला नाही. मी पस्तीसेक वर्षं विज्ञान शिकवलंय, बहुतेक वर्गांत हा प्रयोग "वस्तुमान तेवढेच राहिले" असं लिहून मोकळा होतो, काटा कुणी बघतच नाही.

आता हिशोब करू. ८४ ग्रॅम खाण्याच्या सोड्याला ६० ग्रॅम अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लागतं. त्यातून ८२ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट, १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. डावीकडे १४४, उजवीकडेही १४४. सपाट चहाचा चमचा सोडा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमधे अ‍ॅसिड ४ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे तुमच्या १०० मिलीत ४ ग्रॅम, ते सगळा सोडा संपवायला पुरतं. ५ ग्रॅम सोड्यातून गॅस येतो अंदाजे २.६ ग्रॅम. उघड्या ग्लासात तुमचे २-३ ग्रॅम गेले ते हेच, अगदी बरोबर मोजलंत.

आता फुगा. हा २.६ ग्रॅम गॅस खोलीच्या तापमानाला जागा किती व्यापतो, तर जवळपास १.४ लिटर. म्हणजे काट्यावरच्या तुमच्या सामानाचं आकारमान अचानक १.४ लिटरने वाढलं आणि तेवढ्या जागेतली हवा फुग्यानं बाजूला सारली. आणि हवेलाही वजन असतं बरं का, लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. विहिरीत घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हात ओढते, तसं आपण सगळे हवेच्या विहिरीत बुडालेलो आहोत, फक्त जाणवत नाही. फुग्यानं १.४ लिटर हवा सारली, ती हवा त्याला १.७ ग्रॅमएवढं वर उचलून धरते, तुमचा काटा पूर्ण ग्रॅममधे दाखवतो म्हणून २ कमी दिसतात. वस्तुमान एक कणही कमी झालेलं नाही. काटा वस्तुमान मोजतच नाही, तो खाली पडणारा दाब मोजतो आणि त्यावरून आकडा लिहितो.

गंमत बघा, तुमच्या घरात हवेचा हिशोब दोन्ही प्रश्नांत उलटा लागलाय. वजनात हवा मोजायला हवी होती तिथे कुणी मोजली नाही, आणि गाडी पुढे जाण्यात हवेचा संबंध नाही तिथे साहेबांनी तिला आणून बसवलीय.

निवळशंख
सर एक शंका. सीओटू हवेपेक्षा जड असतो ना, म्हणून तर तो खाली बसतो, आग विझवायला वापरतात वगैरे. मग त्यानं भरलेला फुगा हवा वर कशी उचलेल? हायड्रोजनचा फुगा असता तर समजलं असतं. मला हे पटत नाहीये.

खडूफळा
शंका रास्त आहे आणि बऱ्याच शिक्षकांनाही तीच येते. फुगा वर उडत नाहीये, हे आधी लक्षात घ्या, तो हवेपेक्षा जडच आहे आणि टेबलावरच बसणार. प्रश्न एवढाच की *आधीच्या तुलनेत* काट्याला किती जाणवतं. आधी हाच २.६ ग्रॅम माल सोड्यात आणि व्हिनेगरमधे दडलेला होता, मोजून दोन-तीन मिलीच्या जागेत, तेव्हा हवेनं त्याला उचललं जवळपास शून्य. काट्याला पूर्ण २.६ जाणवले. नंतर तोच माल १.४ लिटरमधे पसरला. हवा १.७ उचलते, काट्याला जाणवतात उरलेले ०.९. सीओटू जड आहे म्हणून तर ०.९ तरी उरले. त्याऐवजी हवेएवढ्याच घनतेचा गॅस तयार झाला असता तर काट्याला तो अजिबातच जाणवला नसता.

पटत नसेल तर करून बघा ना, पटवून घ्यायची सोय आहे. आकार न बदलणारं भांडं घ्या. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, झाकण चांगलं घट्ट बसणारं. १०० मिली व्हिनेगर आत, सोड्याची पुडी आणि झाकण काट्यावर बाजूला, सगळ्याचं मिळून वजन घ्या. मग पुडी आत टाकून लगेच झाकण फिरवा. टिश्यूचे दोन पदर केले तर चार-पाच सेकंद मिळतात, तेवढी पुरतात. फसफस थांबल्यावर परत काट्यावर ठेवा. बाटली फुगत नाही, म्हणजे हवा जास्त सारली जात नाही, आकडा हलता कामा नये. मग काट्यावर ठेवूनच झाकण हळूच सैल करा.

दाबाची भीती वाटेल म्हणून सांगतो, दोन लिटरच्या बाटलीत १.४ लिटर जादा गॅस म्हणजे बाहेरच्यापेक्षा पाऊण वातावरणाएवढा दाब जास्त. कोल्ड्रिंक भरलेल्या बाटलीत दुकानात असताना याच्या कितीतरी पट असतो. पण चमचा एकच. पोरं "अजून एक टाकू या" म्हणतात तिथेच घोळ होतो. काचेची बाटली नाही म्हणजे नाही, पाण्याची ती पातळ चुरगळणारी बाटलीही नको.

चाकवाला
वजनाचं सरांनी मिटवलं, मी गाडीचं बघतो. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत असतो, दिवसभर हेच.

ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा की या चुकीत त्यांना फार मोठी सोबत आहे. १३ जानेवारी १९२० ला न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्डची टर उडवली होती, की हा प्राध्यापक चंद्रावर रॉकेट पाठवायच्या गोष्टी करतो आणि याला एवढंही कळत नाही की रॉकेटला रेटा द्यायला निर्वात पोकळी चालत नाही, शाळेत शिकवतात तेही याला माहीत नाही. त्याच गोडार्डनं १९२६ मधे द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवून दाखवलं. पेपरनं दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गोडार्ड १९४५ मधेच वारले होते.

आता खरं काय होतं ते. बूच बसलेलं असताना आतला गॅस बाटलीला सगळीकडून सारखाच दाबतो. डावीकडची भिंत, उजवीकडची भिंत, पुढचा तळ, मागचं बूच. डावी-उजवी एकमेकांना भागतात. पुढचा तळ आणि बूच हेही एकमेकांना भागतात, कारण बूच बाटलीत रुतलेलं असेपर्यंत बाटलीचाच भाग आहे. बूच सुटलं की मागचं दाबायला भिंतच उरली नाही, पुढच्या तळावरचा दाब मात्र चालूच आहे. गाडीला पुढे ढकलतो तो हाच, बाटलीच्या *आतून* पुढच्या तळावर पडणारा गॅसचा दाब. मागच्या हवेचा काही संबंध नाही. उलट बाहेरची हवा थोडी अडवतेच, रॉकेटच्या इंजिनाचा रेटा हवेत असताना कमी आणि पोकळीत जास्त भरतो.

पोरीला गणित आवडत असेल तर: बूच ५ ग्रॅमचं, गाडी १५० ग्रॅमची. बूच सेकंदाला १० मीटरनं सुटलं असं धरू. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्हीकडे सारखा, म्हणजे गाडी बुचाच्या ३० पट जड तर तिचा वेग ३० पट कमी, सेकंदाला ३३ सेंटिमीटर. तुमची गाडी याच्यापेक्षा जोरात पळत असेल तर त्याचं कारण बूच नाही, बुचामागून येणारा फेस. ३० ग्रॅम फेस सेकंदाला ४ मीटरनं बाहेर पडला तरी बुचाच्या दुप्पट काम करतो. म्हणून एक ट्रिक सांगतो, मागच्या चाकाची झाकणं छोटी घ्या, म्हणजे बाटलीचं तोंड थोडं खाली झुकेल आणि गॅसच्या आधी व्हिनेगर बाहेर फेकलं जाईल. जड माल मागे फेकला तर गाडी जास्त पुढे. हवेवर आपटून पुढे जात असती तर काय फेकलं याला काही महत्त्व नसतं. मिस्टरांना हाच प्रयोग दाखवा: एकदा नुसतं बूच, एकदा त्याच बुचाला बाहेरून मुलांच्या खेळातली क्ले चिकटवून जड केलेलं. जड बूच हळू उडतं तरी गाडी जास्त मागे हटते, म्हणजे आपल्या दृष्टीनं पुढे जाते, कळलं ना.

मोजायचं असेल तर मोबाईलचा स्लो मोशन घ्या, बऱ्याच फोनमधे सेकंदाला २४० फ्रेम मिळतात. फरशीवर शिवणकामाची टेप चिकटवा, कॅमेरा बाजूनं, स्टुलावर पक्का. २४ फ्रेममधे बूच ८० सेंमी गेलं तर ०.१ सेकंदात ८० सेंमी, म्हणजे सेकंदाला ८ मीटर. परीक्षकांना असला आकडा दिला की ते पुढच्या स्टॉलवर लवकर जात नाहीत, स्वानुभव (माझा नाही, पुतण्याचा).

हळदगाव
बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी. अग्रलेखाची गोष्ट ह्यांना वाचून दाखवली, म्हणाले बघ म्हणजे मी पेपरात छापण्याइतका हुशार आहे :)

दोन लिटरच्या बाटलीचं रात्री केलं. झाकण बंद असताना आकडा जागचा हलला नाही, जो होता तोच! मग तिनंच झाकण सैल केलं, सुस्स्स आवाज आला आणि काटा २ ग्रॅमनं उतरला, आवाज चालू असताना आकडा खाली जाताना दिसतो, ते बघून ती जी किंचाळली. सगळ्यांना बोलवून बोलवून दाखवलं, सोडा संपला घरातला.

पण सर, तो बेरीज शून्यचा प्रश्न तसाच राहिला. ती सोडत नाहीये.

निवळशंख
बंद बाटलीचं मीही केलं, सोनाराचा छोटा काटा आहे आमच्याकडे, ०.०१ ग्रॅमवाला, त्यावर ५०० ग्रॅमपर्यंत चालतं. बंद असताना फरक दुसऱ्या दशांशात. सरांचं म्हणणं मान्य.

खडूफळा
बेरीज शून्यचं सांगतो. बलांची बेरीज करायची ती *एकाच* वस्तूवर लागणाऱ्या बलांची. गॅस गाडीला पुढे ढकलतो, हे बल गाडीवर. गाडी गॅसला मागे ढकलते, हे बल गॅसवर. माझ्या खात्यात शंभर रुपये जमा झाले आणि तुमच्या खात्यातून शंभर गेले तर कुणाच्याच शिलकेत काही फरक पडला नाही असं म्हणून चालेल का? तिला वहीत दोन चौकोन काढायला सांगा, एकात "गाडी", दुसऱ्यात "गॅस, फेस आणि बूच". प्रत्येक बाण कुठल्या चौकोनात जातो ते ठरवायचं. गाडीच्या चौकोनात पुढचा बाण एक, त्याला खोडणारं त्या चौकोनात कोण आहे? फक्त चाकांचं घर्षण आणि थोडी हवा, ती कमी पडतात म्हणून गाडी हलते. चटईवर घर्षण वाढलं की तेच बल कमी पडतं, ते तुम्ही बघितलंच असेल.

जाता जाता, अनेक गाइडांत एक उदाहरण हमखास चुकीचं असतं, तेवढं तपासा. "टेबलावर पुस्तक ठेवले, पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाचा वरचा रेटा ही प्रतिक्रिया." नाही. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, मग ती तिसऱ्या नियमाची जोडी असूच शकत नाही. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. टेबल पुस्तकाला वर रेटतं याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली रेटतं. दोन वस्तूंची नावं अदलाबदल केली की जोडी मिळते, इतकं सोपं आहे, तरी वर्षानुवर्षं तेच छापलं जातं. परीक्षक जुन्या वळणाचे असतील तर वाद घालू नकोस म्हणावं, दोन चौकोन काढून दाखव फक्त.

पोह्यावर_शेव
सर चौकोनवाली आयडिया भारी. बीएस्सीला असतानाही आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं, डायरेक्ट फॉर्म्युला.

लॅब_असिस्टंट
गार का लागते ते राहिलं वाटतं. मी ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधे काम करते.

ताई, सगळ्या अभिक्रिया उष्णता देत नाहीत, काही आजूबाजूची उष्णता खेचून घेतात. सोडा-व्हिनेगर त्यातलीच, द्रावण काही अंश गार होतं, ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर वापरू नका, तो शरीराच्या तापमानाच्या आसपासच चालतो, लॅबचा साधा थर्मामीटर शाळेतून मागून घ्या. उलट बाजूचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे, घराला चुना द्यायचा तेव्हा कळीचा चुना पाण्यात विरवायचे, पिंप अक्षरशः उकळायला लागायचं, जाळाशिवाय. तो कॅल्शियम ऑक्साइड आणि पाणी, त्यातून उष्णता बाहेर पडते. हा प्रयोग मात्र मुलीकडून करून घेऊ नका, उसळलेला चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. फक्त चार्टवर लिहा.

आणि एक, तुम्ही "गॅस" "गॅस" म्हणताय, पण तो कार्बन डायऑक्साइडच आहे हे स्टॉलवर सिद्ध करून दाखवायला हवं ना. पाहुणे तेच विचारतात. चुन्याची निवळी करा. पानवाल्याकडून डबीभर चुना आणा, त्यातला हरभऱ्याएवढा लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी न हलवता ओतून घ्या. एका बाटलीत सोडा-व्हिनेगर, झाकणाला भोक पाडून सलाइनची नवी नळी, दुसरं टोक निवळीत. आधी दुधासारखं पांढरं होतं, तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे भिंतीवर वाळलेल्या चुन्याचं पांढरं असतं तेच. गॅस सोडतच राहिलात तर पांढरेपणा जाऊन पाणी परत नितळ होतं, कारण त्याचा विरघळणारा बायकार्बोनेट होतो. हा दुसरा भाग बहुतेक मुलं दाखवतच नाहीत, पांढरं झालं की टाळ्या घेऊन थांबतात. तुमचीनं थांबू नये.

नळीचं टोक उघडं आहे म्हणून इथे दाबाचा प्रश्न नाही, पण फेस नळीत चढू देऊ नका, अर्धा चमचाच सोडा घ्या. गाडीच्या वेळी मात्र चष्मा हवा, साधा गॉगलही चालेल, आणि बुचाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. बूच दाबून बसवायचं, स्क्रूचं झाकण लावून गाडी उडवायचा प्रयत्न करायचा नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत चमचाभर सोडा आणि झाकण पक्कं म्हणजे दाब सरांनी सांगितलेल्या दोन लिटरवाल्यापेक्षा पाचपट होतो.

हळदगाव
लॅबताई हे फारच उपयोगी. सलाइनची नळी मेडिकलमधे सहज मिळते का सुटी?

अजून एक विचारते, पुडी कधी लगेच फुटते कधी वेळ लावते, शाळेत सगळ्यांसमोर पंचाईत होईल. आणि बेकिंग पावडर चालेल का, सोड्याचं दुकानात संपलंय.

चाकवाला
बेकिंग पावडर घेऊ नका. त्यात सोडा असतोच पण सोबत कोरडं अ‍ॅसिड आणि स्टार्चही असतो, म्हणजे चमचाभर पावडरीत खरा सोडा कमी, गॅस कमी, वर स्टार्चचा चिकट गाळ. सोडाच आणा, किराणावाल्याकडे सुटा मिळतो.

वेळेचं म्हणाल तर टिश्यूचा एकच पदर घ्या पण पिळा घट्ट, शेपटी ठेवा, आणि सगळ्या पुड्या एका वेळी एकाच मापाच्या बांधून डब्यात घेऊन जा. व्हिनेगर फ्रीजमधलं असेल तर अभिक्रिया हळू होते, कोमट असेल तर धडाधड होते. घरी एका तापमानाला सराव आणि शाळेत दुसऱ्याला असं करू नका, बाटली आदल्या रात्रीपासून बाहेरच ठेवा.

निवळशंख
इनो का नाही वापरत? त्यात अ‍ॅसिड आधीच असतं, नुसतं पाणी पुरतं.

चाकवाला
चालेल की. सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड दोन्ही कोरडे म्हणून पुडीत गप्प बसतात, पाणी लागलं की सुरू. पण ते फारच झटपट होतं, बूच बसवेपर्यंत अर्धा गॅस गेलेला असतो. गाडीला सोडा-व्हिनेगर बरं, आणि पुस्तकातही तेच आहे, परीक्षकांना ओळखीचं वाटतं.

हळदगाव
चालेल, सोडाच आणते. मॅडमना विचारलं की स्टॉल रसायनमधे लावायचा की भौतिकमधे, त्या म्हणाल्या दोन्हीकडे जागा नाही, जिन्याखाली लावा. तर जिन्याखाली लावतोय, टेप चिकटवायला फरशी तिथे सपाट आहे ते एक बरं. चार्टवर क्रम असा ठरवलाय: आधी बंद बाटली आणि काटा, मग फुगा आणि काटा, मग निवळी, शेवटी गाडी.

खडूफळा
फुगा आधी, बंद बाटली नंतर. लोकांना फुग्याचा आकडा बघून "अरे पुस्तक चुकलं" असं वाटू द्या, मग बाटलीनं उत्तर द्या. उत्तर आधी सांगितलं तर प्रश्न कुणाला पडणार? आणि फुग्याशेजारी कागदावर १.४ लिटर गुणिले १.२ हे मोठ्या अक्षरात लिहून उलटं पालथं घालून ठेवायला सांगा, विचारलं की उलटायचं.

लॅब_असिस्टंट
नळी मिळते, आयव्ही सेट म्हणून मागा, सुई आणि चिमटा काढून टाका. निवळी शुक्रवारी रात्रीच करा, आठवडाभर आधी नको. उघडी राहिली तर हवेतल्या सीओटूनं वर पांढरी साय धरते आणि शनिवारी गॅस सोडायच्या आधीच गढूळ दिसते. गळ्यापर्यंत भरलेली, घट्ट झाकणाची बाटली करून न्या आणि स्टॉलवर लागेल तेवढीच छोट्या ग्लासात काढा. हात लागला तर पाण्यानं धुवायचा, कुणाला चव घेऊ द्यायची नाही, पाचवी-सहावीची मुलं स्टॉलवर काहीही तोंडात घालतात.